कर्करोगाच्या गाठीला रसद कोण पुरवते?

सातारा/सांगली : खास प्रतिनिधी

औरंगजेबाने डिसेंबर १६९९ मध्ये साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा किल्ल्यावर जेमतेम दोन-अडीच महिने पुरेल एवढाच धान्यसाठा होता. तरीही १७०० चा एप्रिल उजाडेपर्यंत किल्ला बादशहाच्या हाती लागला नाही. त्याचे एक कारण ग्रँट डफ याने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदविले आहे. वेढ्यात सामील असलेल्या खुद्द शहाजादा आझमला फितविण्यात आले होते आणि त्याच्या काणाडोळ्यामुळे किल्ल्यावर धान्य पोहोचत राहिले. बाहेरून वेढा कडेकोट दिसत होता. रसद मात्र वेढा घालणाऱ्यांमधूनच आत जात होती.

किल्ला झुंजविणाऱ्या मराठ्यांशी कर्करोगाची तुलना करण्याचा येथे अर्थातच हेतू नाही. मुद्दा आहे तो रसदेचा. मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगावर गेल्या पाच दशकांत झालेल्या संशोधनातून नेमके हेच चित्र पुढे आले आहे. गाठीभोवती शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींचा वेढा पडलेला असतो. त्यांनी गाठ नष्ट करावी, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात यातील काही पेशी गाठीसाठी नव्या रक्तवाहिन्या उभारण्याच्या कामाला लागतात. त्या रक्तवाहिन्यांतून गाठीला प्राणवायू आणि अन्न मिळते व पुढे यकृतापर्यंत पसरण्याची वाटही मिळते. या रोगावरील सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या औषधांपैकी एक औषध नेमके याच रसदेवर घाव घालते. ते काही महिने चांगले काम करते आणि नंतर निष्प्रभ का ठरते, याचे उत्तरही बऱ्याच अंशी याच पेशींपाशी सापडते.

मिरज, कराड किंवा मुंबईच्या रुग्णालयात हे औषध लिहून दिले गेले, की रुग्णाचे नातेवाईक साहजिकच विचारतात, 'याने किती फरक पडेल?' या प्रश्नाचे उत्तर समजून घेण्यासाठी गाठीच्या आत काय चालते, हे पाहावे लागते.

दोन मिलिमीटरची मर्यादा

शरीरातील कोणतीही पेशी रक्तवाहिनीपासून फार दूर जगू शकत नाही. केशवाहिनीतून बाहेर पडणारा प्राणवायू साधारणपणे ०.१ ते ०.२ मिलिमीटर अंतरापर्यंतच पोहोचतो. त्यामुळे स्वतःच्या रक्तवाहिन्या नसलेली गाठ एक-दोन मिलिमीटरपेक्षा फारशी मोठी होऊ शकत नाही. तिच्या कडेच्या पेशी वाढतात, मधल्या पेशी उपासमारीने मरतात आणि गाठ आहे तेथेच थांबते.

ही गोष्ट सर्वप्रथम ठामपणे मांडली ती बोस्टनमधील शल्यविशारद ज्युडा फोकमन यांनी. गाठ वाढण्यासाठी तिला नव्या रक्तवाहिन्या लागतात आणि त्या रोखल्या तर गाठ रोखता येईल, असे त्यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात म्हटले होते. त्या काळी अनेक तज्ज्ञांनी ही कल्पना हसण्यावारी नेली. गाठीतील रक्तवाहिन्या हा सुजेचा एक परिणाम आहे, त्यांना फारसे महत्त्व नाही, अशी तेव्हा समजूत होती.

पुढील काळात या वाढीमागची साखळी उलगडत गेली. प्राणवायू कमी पडला, की पेशीत एक धोक्याची घंटा वाजते. या यंत्रणेचा शोध लावणाऱ्या विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ही घंटा वाजल्यावर पेशी व्हीईजीएफ नावाचे प्रथिन बाहेर सोडू लागते. शेजारच्या रक्तवाहिनीच्या अस्तराला ते 'इकडे फांदी फुटू दे' असा जणू निरोपच असतो. अमेरिकेतील नेपोलिओन फेरारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये हे प्रथिन वेगळे करून दाखविले.

मात्र हा निरोप एकट्या कर्करोगाच्या पेशी धाडत नाहीत. त्यांच्याभोवती जमलेल्या रोगप्रतिकारक पेशीही तो मोठ्या प्रमाणावर धाडतात.

न भरणारी जखम

रक्षक पेशींनी असे का करावे? याचे उत्तर साध्या जखमेत आहे. हाताला कोयत्याचा घाव बसला, तर सर्वप्रथम तेथे पांढऱ्या पेशी धावून येतात. जंतूंना मारणे हे त्यांचे पहिले काम. त्यानंतर मेलेल्या पेशींचा कचरा उचलणे, नव्या रक्तवाहिन्या फुटण्यासाठी निरोप देणे आणि जखम भरून काढणे हे दुसरे काम. ही दोन्ही कामे पुष्कळदा एकाच जातीच्या पेशी करतात. परिस्थिती पाहून त्या आपली भूमिका बदलतात.

या पेशींची ओळख जगाला झाली ती १८८२ मध्ये. इल्या मेच्निकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने सिसिलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी त्या काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला त्याला दिसला. परक्या वस्तूला गिळणाऱ्या या भक्षक पेशींच्या शोधाबद्दल १९०८ चे नोबेल पारितोषिक त्याला पॉल एहर्लिखसह विभागून मिळाले.

अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ हॅरोल्ड ड्वोराक यांनी १९८६ मध्ये कर्करोगाच्या गाठीला 'न भरणारी जखम' म्हटले. जखमेत जे घडते तेच गाठीत घडते, फरक एवढाच की ते थांबत नाही. गाठ सतत 'येथे इजा झाली आहे' असे संदेश देत राहते. रक्षक पेशी येतात, त्यांना प्राणवायूची टंचाई दिसते, मेलेल्या पेशींचा खच दिसतो आणि त्या दुरुस्तीचे काम हाती घेतात. शरीराच्या दृष्टीने हे कर्तव्यच असते. त्याचा लाभ मात्र गाठीला होतो.

कोणती पेशी काय करते?

या कामात एक नव्हे, अनेक प्रकारच्या पेशी गुंतलेल्या असतात.

मॅक्रोफेज : या मोठ्या भक्षक पेशी. रक्तातील मोनोसाइट पेशी गाठीत शिरल्यावर त्यांचे मॅक्रोफेजमध्ये रूपांतर होते. गाठीच्या ज्या भागात प्राणवायू कमी, तेथे त्या गोळा होतात आणि व्हीईजीएफसह रक्तवाहिन्यांना चेतना देणारी अनेक द्रव्ये सोडतात. मोनोसाइटांचा एक गट तर नव्याने फुटणाऱ्या रक्तवाहिनीला अक्षरशः बिलगून राहतो व तिला आधार देतो.

न्यूट्रोफिल : जंतुसंसर्गात सर्वांत आधी पोहोचणाऱ्या या पेशी. त्यांच्याजवळ पेशींमधील जाळे कापणारे एक विकर असते. त्याला एमएमपी-९ म्हणतात. या जाळ्यात व्हीईजीएफ अडकून पडलेले असते. जाळे कापले गेले, की कुलूपबंद साठा मोकळा होतो आणि रक्तवाहिन्यांना फांद्या फुटू लागतात.

मास्ट पेशी : अॅलर्जीत अंगावर पित्त उठविणाऱ्या पेशी म्हणून त्या परिचित आहेत. त्यांच्या कणांमध्ये हिस्टामिन, हेपारिन व ट्रिप्टेज ही द्रव्ये असतात. रक्तवाहिन्या सैल करणे आणि नव्या फुटव्याला वाट करून देणे ही कामे त्यांच्याकडून होतात.

नियामक टी पेशी : रोगप्रतिकारक शक्ती बेफाम होऊन स्वतःच्याच शरीरावर उलटू नये म्हणून तिला आवर घालणाऱ्या या पेशी. त्यांच्या शोधासाठी मेरी ब्रन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. गाठीत मात्र त्यांचा हा आवर गाठीच्या पथ्यावर पडतो. प्राणवायू कमी असलेल्या भागात त्या ओढल्या जातात आणि रक्तवाहिन्यांच्या वाढीलाही हातभार लावतात, असे प्रयोगांत दिसून आले आहे.

मारक टी पेशी : या सर्वांच्या विरुद्ध बाजूला मारक टी पेशी आणि त्यांच्या मदतनीस पेशी उभ्या असतात. त्या इंटरफेरॉन-गॅमा नावाचे द्रव्य सोडतात. त्यामुळे कर्करोगाच्या पेशींवर हल्ला तर होतोच, शिवाय नव्या रक्तवाहिन्यांची वाढही मंदावते.

म्हणजेच गाठीत रक्षकांचे दोन पक्ष असतात आणि रोगाची वाटचाल पुष्कळदा कोणत्या पक्षाचे पारडे जड, यावर ठरते. येथे एक सावधगिरीही आवश्यक आहे. मॅक्रोफेज म्हणजे सरसकट फितूर, असे म्हणता येत नाही. गाठीच्या कडेला त्यांची दाटी असलेल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांची प्रकृती अधिक काळ चांगली राहिल्याचे काही अभ्यासांत आढळले आहे. पेशी कोणती आहे याइतकेच ती कोठे आहे आणि तिला कोणते संदेश मिळत आहेत, हेही महत्त्वाचे ठरते.

मोठ्या आतड्याचे वेगळेपण

मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू सुखाने नांदत असतात. त्यांच्यात आणि रक्षक पेशींत असते ती श्लेष्माची व पेशींच्या अस्तराची एक पातळ भिंत. आतड्यात कोंब, म्हणजे पॉलिप, वाढू लागला की ही भिंत त्या जागी कमकुवत होते. जिवाणूंमधील द्रव्ये आत झिरपतात आणि रक्षक पेशी सतत चेतविल्या जातात. त्यातून आयएल-१७ सारखे सूज वाढविणारे रेणू तयार होतात. उंदरांवरील प्रयोगांतून ही साखळी २०१२ मध्ये स्पष्ट झाली. आयएल-१७ न्यूट्रोफिलना बोलावते व रक्तवाहिन्यांच्या वाढीलाही चालना देते. मोठ्या आतड्याला वर्षानुवर्षे सूज असलेल्या, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांमध्ये कर्करोगाचा धोका वाढलेला आढळतो, त्यामागेही ही दीर्घकालीन सूज हेच मोठे कारण आहे.

याच सुजेच्या साखळीमुळे अॅस्पिरिनसारख्या जुन्या गोळीकडे संशोधकांचे लक्ष गेले. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क आणि फिनलंडमधील रुग्णांवरील एका चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्या गाठीत पीआय३के या साखळीतील विशिष्ट जनुकीय बदल होते, त्यांना शस्त्रक्रियेनंतर रोज १६० मिलिग्रॅम अॅस्पिरिन दिल्यावर रोग उलटण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटले. अॅस्पिरिनने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. त्यामुळे ही गोळी स्वतःच्या मनाने सुरू करण्याची नव्हे, हे सांगायलाच हवे.

रसद तोडणारे औषध

फोकमन यांच्या कल्पनेला प्रत्यक्ष औषधाचे रूप यायला ३३ वर्षे लागली. व्हीईजीएफला पकडून निकामी करणाऱ्या बेव्हॅसिझुमॅब या प्रतिपिंडाला फेब्रुवारी २००४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, तीही पसरलेल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठीच. ज्या चाचणीच्या आधारे ही मान्यता मिळाली, तीत ८१३ रुग्ण होते. केवळ केमोथेरपी घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान १५.६ महिने होते. तिच्या जोडीला हे औषध घेणाऱ्यांचे २०.३ महिने झाले.

म्हणजे सुमारे पावणेपाच महिन्यांची भर पडली. त्या काळी हे मोठे यश मानले गेले. पण गाठीची रसदच तोडली तर गाठ पूर्णपणे संपावी, ही मूळ अपेक्षा पुरी झाली नाही, हेही या आकड्यांतूनच स्पष्ट होते. भारतात २०१६ पासून देशी कंपन्यांनी तयार केलेली या औषधाची जैवसदृश रूपे बाजारात आली आणि ते पूर्वीपेक्षा अधिक रुग्णांच्या आवाक्यात आले.

याच सुमारास औषध नेमके काय करते, याचेही नवे आकलन झाले. आयआयटी कानपूरमधून १९७२ मध्ये पदवी घेऊन अमेरिकेत गेलेले आणि हार्वर्डमध्ये संशोधन करणारे डॉ. राकेश जैन यांनी २००१ मध्ये एक वेगळा विचार मांडला होता. गाठीतील रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात. पाटाला जागोजागी भगदाडे पडली, की पाणी रानात पोहोचण्याऐवजी वाटेतच मुरते, तशी गाठीतील रक्ताची गत होते. केमोथेरपीचे औषधही त्यामुळे सर्वत्र पोहोचत नाही. औषधाच्या योग्य मात्रेने या वाहिन्या काही काळ सुधारतात व बाकीचे औषध आत शिरू शकते, असे त्यांचे म्हणणे होते. गुदाशयाच्या कर्करोगाच्या सहा रुग्णांवरील अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. बेव्हॅसिझुमॅबच्या एकाच मात्रेनंतर गाठीतील रक्तप्रवाह व वाहिन्यांची दाटी कमी झाल्याचे आणि गाठीतील द्रवाचा दाब उतरल्याचे त्यात दिसले.

या औषधाचे दुष्परिणामही त्याच्या कार्यपद्धतीतूनच येतात. जखम भरण्यासाठी लागणाऱ्या रक्तवाहिन्याही ते रोखते. म्हणून मोठ्या शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर किमान चार आठवडे ते दिले जात नाही. रक्तदाब वाढणे, लघवीतून प्रथिने जाणे, रक्तस्राव आणि क्वचित आतड्याला छिद्र पडणे हे धोके लक्षात ठेवावे लागतात.

औषध कोठे कमी पडते?

व्हीईजीएफचा निरोप अडविला, की गाठ दुसऱ्या निरोप्याला कामाला लावते. रक्तवाहिन्या वाढविणारी इतर प्रथिने पुढे येतात. त्याच वेळी रक्षक पेशींची नवी कुमक गाठीत दाखल होते.

ज्या फेरारा यांनी व्हीईजीएफ वेगळे केले, त्यांच्याच गटाने २०१३ मध्ये दाखविले, की काही टी पेशींनी सोडलेल्या आयएल-१७ मुळे गाठीत न्यूट्रोफिलसारख्या पेशी गोळा होतात आणि औषधाला दाद न देणारी रक्तवाहिन्यांची वाढ सुरू होते. डॉ. जैन यांच्या प्रयोगशाळेने २०१७ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या उंदरांवर याचा पुढचा दुवा शोधला. औषध दिल्यानंतर एका विशिष्ट जातीच्या मोनोसाइट पेशी गाठीत ओढल्या जातात. त्या न्यूट्रोफिलना बोलावून घेतात आणि आयएल-१० हे द्रव्य सोडून मारक टी पेशींना गप्प बसवितात. या मोनोसाइटांची वाट अडविल्यावर तेच औषध अधिक परिणामकारक ठरले. हे प्रयोग उंदरांवरील आहेत; त्यावर आधारलेला उपचार रुग्णालयात रूढ झालेला नाही. पण औषध का थकते, याची दिशा त्यातून मिळाली.

दरम्यान, औषध नव्या जोडीदारांसह वापरण्याचे प्रयत्न सुरू राहिले. अन्य उपचार संपलेल्या रुग्णांना ट्रायफ्लुरिडिन-टिपिरासिल या गोळ्यांबरोबर बेव्हॅसिझुमॅब दिल्यास मध्यम आयुर्मान ७.५ महिन्यांवरून १०.८ महिन्यांवर जाते, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले.

दाराबाहेर थांबलेले सैन्य

या संबंधाला दुसरी बाजूही आहे. रक्षक पेशी रक्तवाहिन्या वाढवितात, तशाच त्या रक्तवाहिन्या रक्षक पेशींना अडवितात. व्हीईजीएफमुळे टी पेशींना शत्रूची ओळख करून देणाऱ्या पेशी अपरिपक्व राहतात. गाठीतील रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर काही वेळा असे रेणू उगवतात, की जवळ आलेल्या मारक टी पेशीच मरून जाव्यात. परिणामी सैन्य दाराशी येते, पण आत शिरू शकत नाही.

ते आत शिरले तर काय होते, हे फ्रान्समधील जेरोम गॅलाँ यांनी २००६ मध्ये दाखविले. मोठ्या आतड्याच्या गाठीत टी पेशी किती आणि कोठे आहेत, यावरून रुग्णाचे भवितव्य सांगता येते, असे त्यांना आढळले. त्यातून 'इम्युनोस्कोअर' ही मोजपद्धती तयार झाली. तिची १३ देशांतील रुग्णांवर पडताळणी होऊन २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात अहमदाबादच्या गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूटचाही सहभाग होता.

टी पेशींवरील लगाम काढणाऱ्या औषधांचा पाया घालणाऱ्या जेम्स अॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ही औषधे प्रामुख्याने एका गटाला लागू पडतात. ज्यांच्या गाठीत जनुकांची दुरुस्ती करणारी यंत्रणा बिघडलेली असते, तो हा गट. रोग पसरलेल्या रुग्णांत त्यांचे प्रमाण शंभरात चार-पाच एवढेच भरते. या गटासाठी पेम्ब्रोलिझुमॅबला २०२० मध्ये अमेरिकेत पहिला उपचार म्हणून मान्यता मिळाली. याच प्रकारच्या, पण न पसरलेल्या गुदाशयाच्या कर्करोगात डोस्टार्लिमॅबने २०२२ मध्ये पहिल्या १२ रुग्णांची गाठ शस्त्रक्रियेविना नाहीशी झाली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात हा आकडा ४९ पैकी ४९ असा होता.

उरलेल्या ९५ टक्के रुग्णांचे काय, हा आज खरा प्रश्न आहे. रक्तवाहिन्या रोखणारे आणि टी पेशींचा लगाम काढणारे औषध एकत्र देऊन पाहण्यात आले. जपानमधील एका लहान चाचणीत त्याला चांगला प्रतिसाद मिळाला, पण उत्तर अमेरिकेतील चाचणीत तो टिकला नाही. इटलीतील एका चाचणीत केमोथेरपी व बेव्हॅसिझुमॅबला अशा औषधाची जोड दिल्याने रोग आटोक्यात राहण्याचा काळ ११.५ महिन्यांवरून १३.१ महिन्यांवर गेला. पावले पडत आहेत, पण ती छोटी आहेत.

सातारा-सांगलीच्या रुग्णासाठी

विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून या गावाकडे दूरदूरचे रुग्ण येत आले आहेत. आज मिरजेत कर्करोगाचे स्वतंत्र रुग्णालय आहे, तर सातारा जिल्ह्यात कराडच्या कृष्णा रुग्णालयात या रोगावर उपचार होतात. तरीही अनेक कुटुंबे फाइल, स्लाइड आणि गाठीच्या तुकड्याचा मेणातील ठोकळा घेऊन महालक्ष्मी एक्स्प्रेसने परळचे टाटा रुग्णालय गाठतात.

त्या टाटा रुग्णालयाचा एक अभ्यास आपल्या दृष्टीने डोळे उघडणारा आहे. ऑगस्ट २०१३ ते जुलै २०१४ या वर्षभरात तेथे आलेल्या मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाच्या ८०० नव्या रुग्णांची नोंद त्यात तपासली गेली. त्यांचे सरासरी वय ४७ वर्षांच्या आसपास होते. पाश्चात्त्य देशांत हा प्रामुख्याने साठीनंतरचा आजार मानला जातो. सर्वांत जास्त रुग्ण गुदाशयाच्या कर्करोगाचे होते. बहुतेकांना सरासरी चार महिने त्रास होत होता आणि चारांपैकी एकाहून अधिक रुग्णांमध्ये रोग शरीरात इतरत्र पसरला होता.

चार महिन्यांचा हा विलंब का होतो, हे सांगण्यास तज्ज्ञाची गरज नाही. शौचावाटे रक्त गेले, की 'मूळव्याध असेल' असे घरातच ठरते. संकोचाने ते कोणाला सांगितले जात नाही. कोणाचे तरी चूर्ण सुरू होते आणि बोटाने करावयाची साधी तपासणीही राहून जाते. गुदाशयाच्या कितीतरी गाठी याच तपासणीत डॉक्टरांच्या बोटाला लागतात.

भारतात या रोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत कमी असले, तरी दरवर्षी ६० हजारांहून अधिक नवे रुग्ण आढळतात. शासनाच्या कर्करोग तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांचा समावेश आहे. मोठ्या आतड्याचा नाही. त्यामुळे लक्षण ओळखण्याची जबाबदारी बरीचशी रुग्णावर आणि त्याच्या गावातील डॉक्टरांवरच येते.

पुढील तक्रारी दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकल्यास तपासणी टाळू नये :

- शौचावाटे रक्त किंवा शेंब पडणे
- शौचाच्या सवयीत बदल. कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब
- शौचाला जाऊन आल्यावरही पोट साफ न झाल्याची भावना
- कारण नसताना वजन घटणे
- वाढत्या वयात अचानक आढळलेला रक्तक्षय, विशेषतः पुरुषांमध्ये

आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला हा रोग झाला असल्यास तक्रार नसतानाही डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

रोगाचे निदान झाल्यावर डॉक्टरांना दोन प्रश्न आवर्जून विचारावेत. पहिला, गाठीच्या तुकड्यावर एमएमआर किंवा एमएसआय तपासणी झाली आहे का? मेणाच्या त्याच ठोकळ्यावर ती करता येते आणि टी पेशींवरील औषध लागू पडेल की नाही, हे तिच्यावरून ठरते. दुसरा, रक्तवाहिन्या रोखणारे औषध सुचविले असल्यास त्यातून काय अपेक्षा धरावी आणि शस्त्रक्रियेचा विचार असल्यास ते कधी थांबवावे? खर्चाबाबत रुग्णालयातील आरोग्यमित्राशी आधीच बोलावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार यांचा समावेश आहे. तिची मर्यादा दीड लाखावरून पाच लाख रुपयांपर्यंत वाढविण्याचा निर्णय शासनाने २०२३ मध्ये घेतला. सुचविलेले औषध योजनेच्या यादीत आहे की नाही, हे जमीन गहाण टाकण्यापूर्वी विचारलेले बरे.

वेढा पडण्याआधी

रक्षक पेशींना पुन्हा आपल्या बाजूला कसे वळवावे, यावर जगभर संशोधन सुरू आहे आणि त्यातून उद्या अधिक चांगली औषधे येतील. पण या सर्व संशोधनाने आजच एक गोष्ट निर्विवाद सांगितली आहे. गाठीला रसद मिळू लागण्यापूर्वीचा काळ आपल्या बाजूचा असतो. साध्या कोंबाचे कर्करोगात रूपांतर होण्यास सहसा दहा वर्षांच्या आसपास काळ लागतो. या काळात दुर्बिणीच्या तपासणीत, म्हणजे कोलोनोस्कोपीत, तो दिसला तर तेथल्या तेथे काढून टाकता येतो. मग ना रक्तवाहिन्यांचा प्रश्न उरतो, ना फितूर पेशींचा.

पावणेपाच महिन्यांचे आयुष्य वाढविणाऱ्या औषधासाठी विज्ञानाला ३३ वर्षे खर्ची घालावी लागली. सातारा, सांगलीतील एखाद्या घरात संकोचाने गमावलेले चार महिने वाचवायला तेवढा काळ लागण्याचे कारण नाही. त्यासाठी शौचावाटे पडलेले रक्त लपवू नये आणि मूळव्याधीचे निदान घरात न करता डॉक्टरांना करू द्यावे, एवढेच पुरेसे आहे.